पेशीच्या चुलीपासून ताटापर्यंत : डॉ. कमला सोहोनी

धानाची रोवणी आटोपली की आमच्या दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक तक्रार वाढते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गावांमधून बायका येतात. सोबत सासू, नणंद किंवा आशाताई असते. दुखणे बोट ठेवून दाखवता येत नाही. हातपाय गळतात, चार पावले चढ लागला की धाप लागते, बांधीत वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्रभर झोपूनही सकाळी उठवत नाही. पापणी खाली ओढून पाहिली की आतला भाग पांढुरका दिसतो. रक्ताचा रिपोर्ट येतो आणि त्यात हिमोग्लोबिन कमी असते.

अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते. अंगात लोह कमी झाले की माणूस थकतो का? उत्तर तयार असते. लोह कमी म्हणून हिमोग्लोबिन कमी, हिमोग्लोबिन कमी म्हणून अवयवांपर्यंत पोचणारा प्राणवायू कमी, आणि म्हणून थकवा. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. प्राणवायू पेशीच्या दारापर्यंत पोचल्यावर पुढे त्याचे काय होते, ते त्यात आलेले नसते. तिथेही लोह लागते, आणि ते नसेल तर दारात आलेल्या प्राणवायूचा पुरता उपयोग होत नाही.

हा उरलेला अर्धा भाग समजावताना मी विद्यार्थ्यांना एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीची गोष्ट सांगते. त्यांनी तरुणपणी केंब्रिजला बटाट्याच्या पेशी श्वास कसा घेतात ते शोधले आणि पुढे आयुष्यभर गरिबाच्या ताटात काय असावे याचा अभ्यास केला. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. गोष्ट सांगण्याआधी पेशीच्या आत एकदा डोकावून येऊ.

चूल कुठे पेटते?

चंद्रपूरकरांना वीजकेंद्र म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ऊर्जानगरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज तयार होते. आपल्या पेशींतही असेच काम चालते. पेशीतले हे वीजकेंद्र म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. मराठीत त्याला तंतुकणिका म्हणतात, आणि मूळ ग्रीक नावाचा अर्थही तोच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कधी दोऱ्यासारखे तर कधी कणासारखे दिसतात म्हणून १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिले. ज्या अवयवाला विश्रांती नाही तिथे ते जास्त असतात. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. त्यांच्याकडे स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो आपल्याला आईकडून मिळतो.

इथले इंधन म्हणजे आपण खाल्लेले अन्न. मात्र ते भसकन जळत नाही. तसे झाले तर पेशीच करपून जाईल. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जातात. रोजगार हमीच्या कामावर बायकांची रांग मातीची घमेली जशी पुढे देते, तसेच. रांगेच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. नाकातून आत घेतलेल्या श्वासाचे खरे काम इथे पूर्ण होते.

या देवघेवीत जी ऊर्जा सुटते तिच्यावर मायटोकॉन्ड्रिया आपल्या आतल्या पडद्यापलीकडे हायड्रोजनचे विद्युतभारित कण साठवते. इरई धरणामागे पाणी अडवावे तसा हा साठा असतो. ते कण एका अरुंद दारातून परत येताना तिथले एक चिमुकले चक्र खरोखर फिरते आणि एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. एटीपी म्हणजे पेशीचे रोख चलन. स्नायू आखडणे, हृदयाचा ठोका, मेंदूतला विचार, सगळ्याची किंमत याच नाण्यात मोजली जाते. दिवसभरात शरीर जितके एटीपी बनवते आणि मोडते, त्याची बेरीज जवळजवळ आपल्या वजनाइतकी भरते. प्राणवायूशिवाय ग्लुकोजचा एक रेणू मोडला तर निव्वळ २ एटीपी हाती लागतात. तोच मायटोकॉन्ड्रियातून गेला तर सुमारे ३० मिळतात.

त्या हातोहात रांगेतल्या कित्येक प्रथिनांच्या पोटात लोहाचा अणू असतो. इलेक्ट्रॉन घेणे आणि सोडणे हे काम तो अणूच करतो. या प्रथिनांच्या एका गटाला सायटोक्रोम म्हणतात. कमलाबाईंची केंब्रिजमधील कामगिरी याच सायटोक्रोमशी जोडलेली आहे.

दार न उघडणारी संस्था

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला भागवतांच्या घरात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, बाहेर पडलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. थोरली बहीण दुर्गा. पुढे ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी आदिवासी मुलखात फिरणाऱ्या दुर्गा भागवत त्या याच. एका घरात अशा दोन मुली वाढल्या, एक शब्दांकडे गेली आणि दुसरी रसायनांकडे.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची रसायन आणि भौतिकशास्त्राची पदवी परीक्षा वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचे हे त्यांनी मनाशी धरले होते. गुणवत्तेत त्या कुठेच कमी नव्हत्या, त्यामुळे प्रवेश मिळणार हे त्यांनी गृहीत धरले होते. तो नाकारला गेला, आणि कारण एकच होते, अर्जदार मुलगी आहे. संस्थेचे संचालक तेव्हा सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि सारा देश त्यांच्याकडे अभिमानाने पाहत होता.

एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर बावीस वर्षांच्या मुलीने गप्प घरी परतावे, अशीच तेव्हाची रीत होती. कमलाबाई बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले आणि संचालकांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह आरंभला. काळ गांधीजींचा होता आणि त्या गांधीजींना मानणाऱ्या होत्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती.

अटी अपमानाच्या होत्या, पण त्यांनी त्या मान्य केल्या. कामाला सुरुवात होणे त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले असावे. मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते, मात्र शिकवण्यात हात राखणारे नव्हते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. वर्षभरात रामन यांनी त्यांचे काम पाहिले, त्यांना नियमित केले आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली कमलाबाईंना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. बंगळूरची ही सल मात्र गेली नाही. उतारवयात एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी ती बोलून दाखवली. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण त्यांनी मान्य केले आणि त्यांच्या मनाच्या संकुचितपणाबद्दलची तक्रारही मोकळेपणाने मांडली.

बटाट्यातला श्वास

पुढचा टप्पा होता केंब्रिज. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची तिथली प्रयोगशाळा म्हणजे त्या काळातील जीवरसायनशास्त्राची पंढरी होती. कमलाबाईंना तिथे जागा मिळाली. सुरुवातीला त्यांनी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केले. ते दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींचे अभ्यासक होते.

त्या काळी केंब्रिजमध्ये सायटोक्रोमचा बोलबाला होता. तिथल्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली कीटकांच्या स्नायूंमध्ये आणि यीस्टमध्ये हे पदार्थ पाहिले होते. यीस्टचे पाणी वर्णपटदर्शकातून पाहिले की काळे पट्टे दिसत, हवा मिसळून ते ढवळले की नाहीसे होत आणि थोड्या वेळाने परत उमटत. म्हणजे हे पदार्थ प्राणवायूशी सतत देवाणघेवाण करत होते. प्राण्यांच्या पेशी श्वास कशा घेतात याचे कोडे अशा रीतीने उलगडू लागले होते. प्रश्न वनस्पतींचा होता.

झाडे कर्बवायू घेतात आणि प्राणवायू देतात हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे झाडांनाही श्वसन लागते हे आपण विसरून जातो. जमिनीखालच्या बटाट्याला ऊन दिसत नाही, तरी तो जिवंत असतो, त्याला कोंब फुटतात. साठवलेला स्टार्च प्राणवायूच्या मदतीने जाळूनच तो हे करतो. पण कोणत्या यंत्रणेने? चिरलेला बटाटा हवेत काळा पडतो. तो ज्या विकरामुळे काळा पडतो, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो, तेच विकर वनस्पतीच्या श्वसनाचे मुख्य साधन असावे, असाही एक विचार तेव्हा मांडला जात होता. तो खरा असता तर वनस्पती आणि प्राणी यांच्या श्वसनाचे मार्ग मुळातच वेगळे ठरले असते.

कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. त्याच्या पेशींतून श्वसनाची साधने वेगळी करून तपासली आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे, त्याचे काम प्राण्यांतल्यासारखेच ऑक्सिडीकरणाचे आहे, असे त्या दाखवू शकल्या. रांगेच्या शेवटी प्राणवायूच्या हाती इलेक्ट्रॉन देणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज फुलझाडांमध्ये असल्याबद्दलचा हिल आणि भागवत या दोघांच्या नावाचा लेख १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी ही सगळी साधने मायटोकॉन्ड्रियात बसलेली असतात हे सिद्ध झालेले नव्हते. पेशी फोडून तिचे भाग वेगळे करण्याची पद्धत हाती आल्यावर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, ते स्पष्ट झाले. त्यामुळे आज मागे वळून पाहिले तर त्या बटाट्यात कमलाबाई वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियाचेच काम पाहत होत्या.

केंब्रिजला पोचल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांचे संशोधन पूर्ण झाले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. बंगळूरला जो अडसर होता तो केंब्रिजमध्ये वेगळ्या रूपात होताच. तिथे स्त्रियांना पदवीचे नाव मिळे, पण विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १९४८ पर्यंत मिळाले नाही.

वास्ते आणि त्याच विकराची गोष्ट

सायटोक्रोम ऑक्सिडेज किती महत्त्वाचे आहे हे समजायला केंब्रिजला जावे लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे बाजारात वास्ते येतात, बांबूचे कोवळे कोंब. जंगलातल्या गावांत ते बारीक चिरतात, पाण्यात भिजत घालतात, उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. मग भाजी करतात. ही नुसती चवीची बाब नाही. कच्च्या कोंबात असा एक पदार्थ असतो की कोंब चिरला किंवा चावला की त्यातून सायनाइड सुटते. सायनाइड नेमके सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या लोहाला जाऊन चिकटते. घमेल्यांच्या रांगेतल्या शेवटच्या बाईचे हात बांधावेत तशी सगळी रांग थांबते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. भिजवण्याने आणि झाकण न ठेवता उकळण्याने हे विष निघून जाते. आपल्या आदिवासी बायकांनी विकराचे नावही न ऐकता ही रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. घाईत ती सोडू नये, एवढेच मी सांगेन.

वाल शिजवून का खायचा?

१९३९ साली कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने उघडलेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४७ साली विमागणितज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या घडवल्या.

त्यांनी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. केंब्रिजहून आलेल्या व्यक्तीने परदेशातला चालू विषय पुढे न्यावा, अशी अपेक्षा असते. त्यांनी मात्र डाळी आणि कडधान्ये परत हाती घेतली. या देशात गरिबाला प्रथिने त्यांतूनच मिळतात. पण नुसती प्रथिने असून भागत नाही, ती पचावी लागतात. वाल, डबलबी यांसारख्या कडधान्यांत एक पदार्थ असतो. आपल्या आतड्यातले ट्रिप्सिन हे पाचक विकर तो अडवतो आणि खाल्लेले प्रथिन पचत नाही. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील या अडथळ्यांचा शोध घेतला, वाल आणि डबलबीतून ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. त्याबद्दलचे लेख १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाले. नीट शिजवल्याने या अडथळ्याचा बराचसा नाश होतो. आजी वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, मऊ शिजवायची, त्यामागे हे कारण होते. लहान मुलाला अर्धकच्चे कडधान्य दिले तर पोट भरते, पण पोषण होत नाही.

नीरा

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम सुरू केले. आपल्या भागात शिंदीची झाडे ओळखीची आहेत, तेलंगणाच्या सीमेकडे ताडही आहेत. पहाटे उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की हवेतले यीस्ट त्यात वाढते आणि दुपारपर्यंत तिची ताडी किंवा शिंदी होते. इथेही चुलीचीच गोष्ट आहे. भरपूर साखर समोर आली की यीस्ट ती मायटोकॉन्ड्रियातून पूर्ण जाळत बसत नाही, अर्धवट मोडते आणि मद्यार्क मागे टाकते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, त्याने यीस्टची वाढ थोपते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा नीरा आणि ताडी यांत काही तासांचेच अंतर असते हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ताज्या नीरेत लोह आणि अ व क जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात असतात, आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही ती टिकतात, असे कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने दाखवले. कुपोषित किशोरवयीन मुले, आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे पुढील अभ्यासांत आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथे डॉक्टर म्हणून एक खुलासा करते. ते काम ज्या काळात झाले तेव्हा गावोगावी लोहाच्या गोळ्या पोचत नव्हत्या. आज रक्तक्षयावर नीरा हा उपचार नाही. तिच्यात साखर असते, मधुमेह असलेल्यांनी ती टाळावी. आंबलेली तर औषध म्हणून मुळीच नको. पण त्या कामामागचा विचार जुना झालेला नाही. ज्या माणसाला बाहेरून काही विकत घेणे परवडत नाही, त्याच्या शिवारात काय आहे ते आधी तपासावे, हा तो विचार. आपल्या शिवारात अंबाडी आहे, कडधान्ये आहेत, जंगलात आवळा आहे. आवळ्यातले किंवा लिंबातले क जीवनसत्त्व जेवणातले लोह शरीरात शोषून घ्यायला मदत करते.

उशिरा मिळालेले पद

विज्ञान संस्थेचे संचालकपद कमलाबाईंकडे यायला हवे त्याहून काही वर्षे उशिरा आले. योग्यता होती, ज्येष्ठता होती, तरी वाट पाहावी लागली. अखेर त्या संचालक झाल्या. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी मिळून ग्राहक मार्गदर्शक संस्था सुरू केली, त्यांत त्या होत्या. अन्नातील भेसळ कशी ओळखावी हे त्या सामान्य गृहिणींना सांगत आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला फार आली नाही. मराठी घरांत दुर्गाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक असते, कमलाबाईंचे फार थोड्यांना. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा एक स्त्री होती. ८६ वर्षांच्या कमलाबाई त्या समारंभाला गेल्या, तिथेच कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

उरलेले अर्धे उत्तर

आता परत आपल्या बाह्यरुग्ण विभागात येऊ. शरीरातले सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये असते. गंमत अशी की हिमोग्लोबिन वाहणाऱ्या तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतातच. ती नुसती हमाल आहे, वाटेत मालाला हात लावत नाही. तिने आणलेला प्राणवायू स्नायूच्या पेशीत उतरतो आणि तिथे सायटोक्रोमच्या हाती जातो. लोहाची टंचाई तीव्र आणि दीर्घ काळ राहिली की हमालही कमी पडतात आणि चुलीवरचे हातही कमी पडतात. म्हणून ती बाई नुसती फिकट दिसत नाही, तिला काम उरकत नाही. घरचे तिला आळशी म्हणतात तेव्हा तिच्या पेशींत खरोखरच चलन कमी पडत असते.

उपाय अवघड नाहीत, पण ते नेमाने करावे लागतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून रक्त कमी दिसले की ती तपासणी आधी करून घ्यावी. सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त दिले गेले आहे त्याच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते, त्याने मनाने गोळ्या घेऊ नयेत. लोहाची कमतरता ठरली तर गोळी रोज घ्यावी. शौच काळी होते, त्याला घाबरू नये. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. हिमोग्लोबिन वाढले म्हणून लगेच थांबू नये. साठा भरून यायला पुढे सुमारे तीन महिने लागतात.

गोळ्यांनी एक गोष्ट मात्र सुटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुधा घरात सर्वांत शेवटी जेवतात. तोवर भात उरतो, वरणाचे पाणी उरते, भाजी आणि डाळ संपलेली असते. कमलाबाईंना प्रयोगशाळेचे दार अडवले गेले तेव्हा त्या दारात बसून राहिल्या. ताटाच्या बाबतीत असे कोणी बसत नाही, कारण ते दार घरातच असते आणि अडवणारे आपलेच असतात.

आता आमच्या वॉर्डात कितीतरी मुली डॉक्टर होण्यासाठी शिकतात. प्रवेशासाठी त्यांना कोणाच्या कार्यालयापुढे बसावे लागले नाही. त्यांना आणि त्यांच्या बरोबरीच्या मुलांना मी एक काम लावले आहे. केसपेपरवर हिमोग्लोबिनचा आकडा लिहिला की त्याच्या खाली एक ओळ जास्तीची लिहायची, ही बाई घरात केव्हा जेवते आणि तेव्हा भांड्यात काय उरलेले असते. सोबत आलेल्या सासूसमोर हा प्रश्न विचारताना विद्यार्थी सुरुवातीला संकोचतात, मग सवय होते. कधी सासू खाली पाहते. कधी नवराच डाळीबद्दल विचारू लागतो, आणि मग औषधाच्या चिठ्ठीबरोबर आहाराबद्दल दोन शब्द त्यालाही सांगता येतात.